फिरणारे आणि भटकणारे : काही इंग्रजी शब्दांचा इतिहास

मध्यप्रांत व वऱ्हाडच्या सरकारने १९४६ साली गुंडांच्या बंदोबस्तासाठी एक कायदा केला. आजचा बहुतेक विदर्भ तेव्हा या प्रांतात होता. कायदा म्हटला की व्याख्या आलीच. ‘गुंड’ हा शब्द आपल्याकडचा. पण त्याचा अर्थ सांगण्यासाठी कायदा लिहिणाऱ्यांनी तीन इंग्रजी शब्द पुढे केले : हूलिगन, रफ आणि व्हॅगबाँड. वर सार्वजनिक शांततेला जो धोकादायक आहे तोही गुंडच, अशी पुस्ती जोडली. या व्याख्येच्या आधारे एखाद्या माणसाला जिल्ह्याबाहेर घालवून देण्याचा अधिकार जिल्हा मॅजिस्ट्रेटला मिळाला. १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याची मुख्य कलमे घटनाबाह्य ठरवली. व्याख्या इतकी सैल होती की अमुक माणूस गुंड आहे हे कोणत्या कसोटीवर ठरवायचे ते कायदा सांगत नव्हता, आणि आपण गुंड नाही हे दाखवून देण्याची पुरेशी संधीही त्या माणसाला देत नव्हता.

कायदा गेला. पण ते तीन शब्द विचार करायला लावतात. हूलिगन म्हणजे रस्त्यावर दांडगाई करणारा. रफ म्हणजे जवळपास तोच. व्हॅगबाँड म्हणजे मात्र भटक्या. ज्याला ठावठिकाणा नाही असा. त्याने कोणाचे डोके फोडलेले नसते. तो नुसता चालत असतो. मग दंगा करणाऱ्याच्या शेजारी, एकाच ओळीत, चालणाऱ्याला कोणी आणून बसवले? ही सोयरीक नागपूरच्या कायदेमंडळात जुळलेली नाही. ती इंग्लंडात जुळली, सुमारे सहाशे वर्षांपूर्वी, आणि ती कशी जुळली हे समजल्याशिवाय आपल्याकडच्या भटक्या-विमुक्तांच्या कपाळी आलेला इतिहास पुरता समजत नाही.

१३४८-४९ मध्ये इंग्लंडात प्लेगने प्रचंड माणसे मेली. उरलेल्या मजुरांना भाव आला. जुन्या मजुरीवर राबायला ते तयार होईनात. जेथे चार पैसे जास्त तेथे जाऊ लागले. जमीनदारांच्या पोटात गोळा आला. १३४९ च्या हुकुमाने आणि १३५१ च्या कायद्याने मजुरी प्लेगच्या आधीच्या दरावर बांधली गेली, आणि धडधाकट माणसाला भीक घालणे हाही गुन्हा ठरला. १३८८ च्या कायद्याने मजुराला आपला मुलूख सोडून जायचे तर शिक्क्याचे पत्र जवळ बाळगण्याची सक्ती केली. म्हणजे माणसाच्या पायाला कायद्याने पहिली दोरी बांधली ती चोरीच्या भयाने नव्हे. मजूर स्वस्तात मिळावा म्हणून बांधली. ही गोष्ट आपल्या वाचकांनी नीट ध्यानात ठेवावी, कारण पुढे हा हेतू झाकला जातो आणि नीतीची भाषा सुरू होते.

पंधराव्या-सोळाव्या शतकात जमीनदारांनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी शेते आणि गायराने कुंपणे घालून बंद केली. १५३६ ते १५४० या काळात आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले, तेव्हा गोरगरिबांना मठाच्या दारात मिळणारा तुकडाही गेला. बेघर झालेली माणसे रस्त्याला लागली आणि राज्यकर्त्यांना एकाएकी दिसू लागले की देशात आळशी लोकांचा सुळसुळाट झाला आहे. १५४७ चा कायदा तर वाचवत नाही. काम नाकारून फिरणाऱ्या माणसाच्या छातीवर तापल्या लोखंडाने ‘व्ही’ हे अक्षर उमटवावे आणि त्याला दोन वर्षे गुलाम म्हणून द्यावे. पळाला तर चेहऱ्यावर ‘एस’ उमटवून जन्माचा गुलाम करावे. ‘व्ही’ म्हणजे व्हॅगबाँड, ‘एस’ म्हणजे स्लेव्ह. हा कायदा तीन वर्षांतच मागे घेतला गेला, पण डाग देण्याची हौस गेली नाही. १५७२ च्या कायद्याने भटक्याला चाबकाने फोडून त्याच्या उजव्या कानाची पाळी तापल्या लोखंडाने जाळायची होती. १६०४ साली डाव्या खांद्यावर ‘आर’ उमटवण्याचे फर्मान निघाले. हा ‘आर’ म्हणजे ‘रोग’. देवनागरीत लिहिला की हा इंग्रजी शब्द आपल्या आजाराच्या शब्दासारखाच दिसतो, आणि खरे सांगायचे तर कायद्याने त्या माणसांना तसेच वागवले.

‘रोग’ची व्युत्पत्ती कोशकारांनाही नक्की लावता आलेली नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यास तो भिकाऱ्यांच्या गुप्त बोलीतला शब्द म्हणून पहिल्यांदा छापला गेला. छापणाऱ्यांतला एक कोण? केंट परगण्यातला टॉमस हार्मन नावाचा एक जमीनदार. आपल्या दाराशी येणाऱ्या भिकाऱ्यांना बोलते करून त्याने १५६० च्या दशकात एक पुस्तक काढले. त्यात भटक्यांचे वीसहून अधिक प्रकार सांगितले, त्यांच्या बोलीचा छोटा कोश दिला आणि शेवटी भटक्यांच्या नावांची यादीही जोडली. सज्जनांनी सावध राहावे, हा हेतू. १९०८ साली मुंबई इलाख्याचा पोलीस अधिकारी एम. केनेडी याने इलाख्यातील गुन्हेगार वर्गांविषयी पुस्तक लिहिले. त्यातही जातवार पेहराव, बोली, खाणाखुणा यांची नोंद आहे. मधे साडेतीनशे वर्षे गेली, समुद्र आला, पण पुस्तकाचा साचा तोच राहिला. आधी माणसांचे वर्गीकरण करायचे, मग त्या वर्गाला स्वभाव चिकटवायचा, मग त्या स्वभावावर पहारा बसवायचा. आपण हे जातिव्यवस्थेत ओळखतोच. फक्त ते इंग्रजी पोशाखात समोर आले की आपले विद्वान त्याला शास्त्र म्हणतात.

१५७२ च्या कायद्यात ‘रोग’ आणि ‘व्हॅगबाँड’ यांत कोण कोण मोडते याची यादी आहे. ती आपल्याकडच्या माणसाने एकदा तरी शांतपणे वाचावी. अस्वल खेळवणारे, गारूड करणारे, गाणीबजावणी करणारे, भांडी सांधणारे, किरकोळ माल विकत फिरणारे फेरीवाले, हात पाहून भविष्य सांगणारे, तलवारीचे खेळ करणारे, आणि नाटकवाले. दरवेशी, गारुडी, गोंधळी, ओतारी, कुडमुडे जोशी, डोंबारी, बहुरूपी यांचीच ही इंग्लंडातली पंगत. यांतल्या नाटकवाल्यांना एक पळवाट होती. एखाद्या सरदाराची सनद आणि त्याची वर्दी अंगावर असेल तर ते व्हॅगबाँड नव्हेत. शेक्सपिअरची मंडळी ‘लॉर्ड चेंबरलेनची माणसे’ या नावाने वावरत होती ते याच कारणाने. आम्ही वर्गात शेक्सपिअर शिकवताना या नावाला नुसता दरबारी थाट समजतो. ती वर्दी नसती तर कायद्याच्या अक्षराप्रमाणे त्या नाटककाराच्या कंपनीला चाबूक बसू शकला असता. धनी असेल तर कलावंत, धनी नसेल तर भटका. खेळ एकच.

या पंगतीत आणखी एक नाव बसते, आणि ते आपल्या घरचे आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात काळ्यासावळ्या रंगाचे, टोळ्यांनी फिरणारे लोक दिसू लागले. ते इजिप्तहून आले अशा गैरसमजुतीने त्यांना ‘इजिप्शियन’ म्हटले गेले. त्याचे झाले ‘जिप्सी’. १५३० साली त्यांच्याविरुद्ध पहिला कायदा झाला. १५५४ च्या कायद्याने देशात महिनाभराहून अधिक राहणाऱ्या जिप्सीला देहदंड सांगितला. भटके आयुष्य सोडून कोणाच्या तरी चाकरीत राहिला तर मात्र सूट. पुढे जिप्सींच्या संगतीत राहणाऱ्यालाही तीच शिक्षा लागू झाली. हा पुढचा कायदा १७८३ साली रद्द झाला.

हे लोक इजिप्तचे नव्हतेच. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील अभ्यासकांनी त्यांची बोली तपासली तेव्हा ती उत्तर हिंदुस्थानातल्या भाषांची बहीण निघाली. ते पाण्याला ‘पानी’ म्हणतात, नाकाला ‘नाख’, माणसाला ‘मनुष’, काळ्याला ‘कालो’. स्वतःला ते ‘रोम’ म्हणवतात आणि हा शब्द ‘डोंब’ या शब्दापासून आला असावा, असे पुष्कळ भाषाशास्त्रज्ञांचे मत आहे. डोंब, डोंबारी. हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून निघालेली ही माणसे इराण, आर्मेनिया, बाल्कन करीत युरोपभर पसरली आणि जेथे गेली तेथे त्यांच्या वाट्याला गावकुसाबाहेरची जागा आली. हिटलरच्या राजवटीत ज्यूंच्या बरोबरीने त्यांनाही छळछावण्यांत मारण्यात आले. या सगळ्यात एक लहानशी गोष्ट मला फार मोलाची वाटते. इंग्रजीत दोस्ताला ‘पाल’ म्हणतात. शाळकरी मुलांचे ‘पेन पाल’ त्यातलेच. हा शब्द रोमांच्या ‘फ्राल’ या शब्दावरून इंग्रजीत आला, आणि ‘फ्राल’ म्हणजे भाऊ; आपला ‘भ्राता’. ज्यांना फासावर द्यायचे कायदे केले त्यांच्याकडून इंग्रजांनी मित्राचा शब्द उचलला.

याच लोकांना फ्रेंच भाषेत ‘बोहेमियन’ म्हणत. ते बोहेमियातून आले असा तिकडचा गैरसमज. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमधले कवी-चित्रकार हा शब्द स्वतःसाठी वापरू लागले. घरदार झुगारणारा मुक्त कलावंत तो बोहेमियन. मराठीतही पांढरपेशा लेखकांच्या मैफलींत हे विशेषण कौतुकाने वापरले जाते. मुळात ज्यांचे ते नाव होते, ते पालात राहणारे लोक मात्र कौतुकाचे धनी कधी झाले नाहीत.

शब्द वर कसा चढतो याचेही एक उदाहरण आहे. ‘स्ट्रोल’ हा शब्द सतराव्या शतकाच्या सुरुवातीला भटक्यांच्या बोलीतून इंग्रजीत शिरला; त्याचे मूळ जर्मन भाषेतल्या भटक्याच्या नावात असावे. तेव्हा ‘स्ट्रोल’ करणे म्हणजे ठिकाणा नसल्यासारखे गावोगाव हिंडणे. पुढे हा शब्द साहेबाच्या संध्याकाळच्या फेरफटक्याला लागला आणि त्याचा सगळा डाग धुऊन निघाला. आज बागेत ‘स्ट्रोल’ घेणाऱ्याला कोणी ठावठिकाणा विचारत नाही. इंग्रजीत हिंडण्याफिरण्याचे कितीतरी शब्द आहेत, आणि त्यांतला सभ्य कोणता नि असभ्य कोणता हे चालण्याच्या तऱ्हेवरून ठरत नाही. चालणाऱ्याच्या मागे इस्टेट आहे की नाही यावर ठरते.

आता दंग्याच्या शब्दांकडे वळू. ‘रफ’ची गोष्ट इंग्रजी साहित्य शिकणाऱ्यांना माहीत असायला हवी, पण ती आम्ही सहसा सांगत नाही. १८६६ च्या जुलैमध्ये कामगारांना मताचा अधिकार मिळावा म्हणून लंडनच्या हाइड पार्कमध्ये सभा बोलावली होती. सरकारने बाग बंद केली. जमावाने रेटा दिला, कुंपणाचे गज आडवे झाले आणि माणसे आत शिरली. मॅथ्यू आर्नल्ड याच्या ‘कल्चर अँड अनार्की’ या १८६९ च्या ग्रंथात हाइड पार्कमधला हा ‘रफ’ पुन्हा पुन्हा येतो, संस्कृतीला असलेला धोका म्हणून. आमच्या पदवीच्या वर्गांत संस्कृती म्हणजे काय ते या ग्रंथावरून शिकवले गेले. कुंपण का पाडले हे विचारणारा विद्यार्थी विरळा. त्या रफ लोकांना मत हवे होते, आणि १८६७ च्या कायद्याने शहरांतल्या पुष्कळ कामगारांना ते मिळालेही. महाडला २० मार्च १९२७ रोजी माणसे शांतपणे चालत चवदार तळ्यावर गेली, पाणी प्याली, आणि त्याच संध्याकाळी देवळात शिरणार अशी हूल उठवून त्यांना लाठ्याकाठ्यांनी मारले. तेव्हाही दांडगे कोण ठरले?

‘हूलिगन’ हा शब्द लंडनच्या वर्तमानपत्रांत १८९८ च्या उन्हाळ्यात एकदम बोकाळला. तो बहुधा एका आयरिश आडनावावरून आला. भांडणतंट्याच्या गोंधळाला इंग्रजीत ‘डॉनिब्रुक’ म्हणतात. तेही डब्लिनजवळच्या एका जत्रेचे नाव. आयरिश म्हणजे इंग्रजांच्या घराशेजारची जित प्रजा. जिंकलेल्या लोकांच्या आडनावाला आणि जत्रेला शिवी करून टाकायची, ही रीत इंग्रजांनी हिंदुस्थानात येऊन नव्याने शिकलेली नाही. ‘रावडी’ अमेरिकेतला, जंगलाच्या कडेला वस्ती करणाऱ्या रांगड्या माणसाला तिकडे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी म्हणत. तो आता दक्षिणेतल्या राज्यांत पोलीस ठाण्याच्या ‘रावडी शीट’मध्ये जाऊन बसला आहे, म्हणजे एकदा नाव चढले की निघणे कठीण.

अमेरिकेचे नाव आले म्हणून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण आपल्या चळवळीचा तिकडच्या काळ्यांच्या चळवळीशी बंधुभाव आहे. १८६५ साली गुलामगिरी संपली. त्याच वर्षाच्या अखेरीस मिसिसिपी राज्याने व्हेग्रन्सीचा, म्हणजे भटकेगिरीचा, कायदा केला. जानेवारी १८६६ च्या दुसऱ्या सोमवारी ज्या मुक्त काळ्या माणसाकडे काम नसेल तो व्हेग्रंट. त्याला दंड, दंड भरता आला नाही तर जो दंड भरील त्याच्याकडे त्याला राबायला लावायचे. दंड भरणारा कोण असणार? बहुतेक वेळा जुना मालकच. गुलामी दाराने बाहेर घालवली आणि एका शब्दाच्या खिडकीतून आत घेतली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जॅक्सनव्हिल शहराचा असाच एक नियम संदिग्ध म्हणून १९७२ साली रद्द केला. त्या नियमात ‘रोग’ आणि ‘व्हॅगबाँड’ हे शब्द ट्यूडर काळातल्यासारखेच शाबूत होते. त्याच वर्षी मुंबईत ब्लॅक पँथरचे नाव घेऊन दलित पँथर उभी राहिली.

हे शब्द हिंदुस्थानात आले ते दोन वाटांनी, आणि त्या दोन वाटांतला फरक या लेखाचे खरे कारण आहे. १८६० च्या दशकात हिंदुस्थानातल्या शहरांत बेकार गोरे फिरताना दिसू लागले. रेल्वेतून काढलेले, पलटणीतून सुटलेले, जहाजावरून उतरलेले. त्यांना ‘लोफर’ म्हणत. दारू पिऊन बाजारात नेटिवांकडे हात पसरणारा गोरा ही राज्याच्या इभ्रतीला लाज होती. म्हणून १८६९ साली खास युरोपियन भटक्यांसाठी कायदा झाला आणि १८७४ साली तो नव्याने केला गेला. त्यात काय तरतूद? गोऱ्या भटक्याला वर्कहाऊसमध्ये ठेवायचे, खायला घालायचे, काम शोधून द्यायचे. नाहीच जमले तर सरकारी खर्चाने जहाजात बसवून मायदेशी पाठवायचे. शिस्त होती, सक्तीही होती. पण तो एकटा माणूस होता, अडचणीत सापडलेला. त्याच्या आईबापाला किंवा पोरांना कोणी लोफर ठरवले नाही.

या दोन कायद्यांच्या मधोमध, १८७१ साली, हिंदुस्थान सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. येथे एकट्या माणसाचा प्रश्न नव्हता. सबंध जमात कायद्याने गुन्हेगार ठरवायची, पोर जन्मताच रजिस्टरला त्याची वाट ठरलेली. हजेरी लावायची, पासाशिवाय हद्द सोडायची नाही. कायदा आधी उत्तरेत लागू झाला; १९११ च्या दुरुस्तीनंतर तो मुंबई इलाख्यासह देशभर लागू करता आला; १९२४ साली पुन्हा बांधून काढला. तीन वर्षांच्या आत एकाच सरकारने गोऱ्या भटक्याला परिस्थितीचा बळी ठरवले आणि काळ्या भटक्याला रक्ताचा गुन्हेगार. जातीवरून धंदा आणि धंद्यावरून स्वभाव ठरतो हे तत्त्वज्ञान साहेबाला येथे आयतेच मिळाले. आणि ते देणारे येथलेच होते.

ही माणसे का फिरत होती हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही. लमाण बैलांच्या तांड्यांवर धान्य आणि मीठ वाहत. मोठमोठ्या फौजांना रसद त्यांनीच पुरवली. कैकाड्यांचे दक्षिणेतले भाईबंद कोरवा मिठाचा व्यापार करीत. सरकारने मिठाची मक्तेदारी केली, १८५३ नंतर रेल्वे पसरली आणि बैलाच्या पाठीवरचा व्यापार बुडाला. धंदा बुडाला तरी पाय चालत राहिले, पोटासाठी. काल रसद पोचवणारा आज संशयित ठरला. महाराचे उदाहरणही येथे आठवावे. त्याला वतनाच्या नावाने सरकारी सारा घेऊन, सांगावे घेऊन, वाटाड्या होऊन मैलोगणती धावावे लागे. ते चालणे सेवा. तोच महार स्वतःच्या कामासाठी गाव सोडून निघाला की त्याला विचारणारे दहा.

सोलापूरची वसाहत आपल्या वाचकांना सांगायला नको. तारेच्या कुंपणाआड निरनिराळ्या जमातींची कुटुंबे ठेवली आणि तेथले कामगार हात शहरातल्या कापड गिरण्यांना मिळाले. त्या भागाला सोलापुरात आजही सेटलमेंट म्हणतात. १३८८ चा शिक्क्याचे पत्र जवळ बाळगणारा इंग्लंडचा मजूर आणि हजेरीची वेळ चुकू नये म्हणून गिरणीतून धावत सुटणारा सोलापूरचा मजूर, यांच्यातले अंतर मला फारसे वाटत नाही. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत अस्पृश्य, आदिवासी आणि गुन्हेगार जमाती या तिघांना एकत्र उभे करून हिंदू संस्कृतीला जाब विचारला आहे. आणि त्याच ग्रंथात स्थिरावलेल्या टोळ्या व भटक्या टोळ्या यांच्या संघर्षातून अस्पृश्यांचे मूळ शोधताना आयर्लंड आणि वेल्समधल्या गावाबाहेरच्या लोकांचे दाखले दिले आहेत. गावाबाहेरचा आणि रस्त्यावरचा हे त्यांनी कधी दोन वेगळे प्रश्न मानले नाहीत. चळवळीने पुढे ते पुष्कळदा वेगळे मानले. हा दोष आपला आहे.

मुंबई राज्यात हा कायदा १९४९ साली उठला आणि देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. माणसे विमुक्त झाली. शब्द झाले का? मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचे कायदे केले, आणि १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदाही आणला. या कायद्यातली भिकेची व्याख्या पाहावी. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे, किंवा काही विकायला पुढे करणे, या निमित्ताने दान मागितले तरी ती भीक. आणि ज्याला उपजीविकेचे दिसण्याजोगे साधन नाही व जो सार्वजनिक जागी हिंडतो आहे, तोही भिकारीच धरायचा. ही भाषा कोठली? इंग्लंडच्या १८२४ च्या व्हेग्रन्सी कायद्यातली. त्यातही उघड्यावर किंवा तंबूत झोपणारा, दिसण्याजोगे साधन नसणारा, हात पाहून भविष्य सांगणारा, हे सगळे ‘रोग अँड व्हॅगबाँड’ होते. त्याच कायद्यातल्या संशयिताच्या कलमाखाली लंडनचे पोलीस १९७० च्या दशकात काळ्या पोरांना रस्त्यात धरीत. १९८१ साली ब्रिक्स्टनमध्ये आगडोंब उसळला आणि त्याच वर्षी ते कलम गेले. आपल्याकडे कुडमुडे जोशी, नंदीवाले, डोंबारी यांच्या धंद्याची यादीच जणू कायद्यात आली, पहिल्या खेपेला एक ते तीन वर्षे कोंडून ठेवण्याच्या तरतुदीसह. आणि ती स्वतंत्र भारताच्या कायदेमंडळाने आणली. हा कायदा दिल्लीलाही लागू केला होता. तेथल्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये त्याची बरीच कलमे दिल्लीपुरती रद्द केली.

त्याच्या महिनाभर आधी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची होती, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातली, भिक्षा मागत फिरणारी. पोरे पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा होती. जमावाला कोणी हूलिगन म्हटले नाही. अनोळखी, फाटके कपडे, खांद्याला झोळी, गावात काय काम आहे याचे समाधानकारक उत्तर नाही : १८९८ च्या फौजदारी कायद्यात उपजीविकेचे साधन न दाखवता येणाऱ्या किंवा स्वतःविषयी समाधानकारक खुलासा न देणाऱ्या माणसाला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करण्याचे जे कलम होते, तेच जणू गावाने हातात घेतले. ते कलम त्या रूपात १९७३ च्या नव्या संहितेतून गेले होते. लोकांच्या डोळ्यांतून ते गेले नव्हते.

सगळे पाप साहेबाच्या माथी मारून मराठीला मोकळे सोडता येणार नाही. लबाडाला आपण भामटा म्हणतो, निगरगट्टाला बेरड म्हणतो. ही दोन्ही जमातींची नावे आहेत. मोठ्याने भांडणाऱ्या बाईला कैकाडणीची उपमा देणारे आपल्या वस्त्यांतही आहेत. भीमराव गस्ती यांनी आपल्या आत्मकथनाला ‘बेरड’ हे नाव दिले आणि लक्ष्मण गायकवाड यांनी ‘उचल्या’ हे; दोन्ही १९८७ ची. शिवी झालेले नाव पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर ठसठशीत छापायचे, हे काम कोशकारांनी केलेले नाही. आणि वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत ‘भटकंती’ नावाचे सदर असते. गडकिल्ले, धबधबे, पाठीवर महागड्या पिशव्या. धातू तोच, भटक. महानगरपालिकेच्या भाषेत ‘भटकी कुत्री’, आणि सरकारी दाखल्यावर ‘भटक्या जमाती’. इंग्रजांनी तामिळनाडूतल्या परैयर या जातीच्या नावावरून ‘पॅराया’ हा शब्द केला आणि तो बेवारस कुत्र्यांना लावला याचा आपल्याला संताप येतो. तो येथेही यायला हवा.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतला जातिभेद घटनाबाह्य ठरवला. त्या खटल्यात पश्चिम बंगालच्या तुरुंग नियमांतला एक नियम पुढे आला : रात्रीच्या पहाऱ्यावर नेमायचा कैदी पळून जाण्याची उपजत प्रवृत्ती असलेल्या वर्गातला, जसे भटक्या जमातींतला, नसावा. म्हणजे २०२४ सालापर्यंत छापील नियमात चालणे हा रक्तातला गुण होता.

महाराष्ट्रात विमुक्त किंवा भटक्या जमातीचा दाखला काढायचा तर २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधी कुटुंब कोठे राहत होते, याचा पुरावा मागतात. शाळेचा दाखला, जमिनीचा उतारा, जन्माची नोंद, काहीही चालते. ज्याचा आजा त्या साली एका गावच्या माळावरून दुसऱ्या गावच्या माळावर पाल नेत होता, त्याचा नातू तहसील कचेरीच्या खिडकीपुढे उभा असतो, आणि आतला कारकून त्याला विचारतो की कायमचा पत्ता काय.